मापाऱ्याच्या लेकीचे वेढे

चिखलीत झुंबरबाईला लोक ‘तारवाली’ म्हणायचे, आणि सुरुवातीची काही वर्षं तरी हे नाव कौतुकानं घेतलं जात नव्हतं. माळवं पिकवणाऱ्या घरातली सून, तिनं वांगी तोडावी, मेथीच्या जुड्या बांधाव्या, सासूच्या हाताखाली राहावं. ही बाई पडवीत बसून दिवस दिवस तांब्याची तार गुंडाळते म्हटल्यावर गावानं दुसरं काय म्हणावं? गावाला नाव ठेवायला फार मोठं कारण लागत नाही.

झुंबरबाई संग्रामपूरची. बाप बाजारात मापारी होता. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याच्या पोत्यात जायचा तो याच्या हातातल्या पायलीनं मोजून. पहिलं माप टाकताना तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. लाभ, दोन, तीन अशी त्याची मोजणी चाले, आणि प्रत्येक वीस मापांमागे तो एक दाणा बाजूला टाकी. शेवटी ते दाणे मोजले की हिशेब झाला. आकड्याचा घोळ पडला, मध्येच कुणी बोलायला लागलं, दाणा टाकला की नाही अशी शंका आली, तर तो अंदाज करत बसत नसे. सगळी रास परत ओतायचा आणि पुन्हा लाभपासून सुरू करायचा. व्यापारी वैतागायचे, गाडीवान शिव्या द्यायचे, हा पठ्ठ्या हलायचा नाही. लेकीनं बापाकडून दागिना घेतला नाही, ही खोड मात्र पुरेपूर घेतली.

तिचा नवरा निवृत्ती अकोल्याला दोन वर्षं राहून रेडिओची दुरुस्ती शिकून आला होता. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि चिखलीत वीजही तशी नवीनच होती. गावातले रेडिओ, लाऊडस्पीकर, सगळं बिघडलं की निवृत्तीकडे यायचं. पण त्याच्या डोक्यात दुरुस्ती नव्हतीच. त्याला स्वतःचं यंत्र बनवायचं होतं. अँप्लिफायर. तबकडीवरच्या सुईतून किंवा माइकमधून आलेला इवलासा आवाज घेऊन तो खोली भरून टाकेल एवढा मोठा करणारं यंत्र, आणि तेही आवाजाचा चेहरा न बिघडवता. निवृत्ती म्हणायचा, आवाज मोठा कुणीही करतो, भोंगेवालाही करतो. माणूस ओळखू आला पाहिजे.

या यंत्राचं काळीज म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. त्यातही दोन बाजू असतात आणि दोन्हींचे वेढे अगदी सारखे लागतात. एका बाजूला शंभर कमी पडले की आवाज लंगडायला लागतो, जोडीतला एक बैल थकल्यावर गाडी एका अंगाला ओढली जाते तसा. निवृत्तीचा हात तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायला हलका, पण मोजणीत तो कच्चा होता. सातशेच्या पुढे गेला की त्याचं लक्ष उडायचं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात झुंबरबाईनं त्याच्या हातातून तार काढून घेतली ती कायमची.

सायकलच्या जुन्या चाकाचा मधला तुंबा घेऊन त्यानं तिला वेढे घालायचा रहाट करून दिला. ती उजव्या हातानं दांडा फिरवायची, डाव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि शंभर झाले की वाटीत ज्वारीचा एक दाणा. दोन बाजूंसाठी दोन वाट्या. एक थर या बाजूचा, मध्ये पातळ कागद, एक थर त्या बाजूचा. सुरुवात अर्थातच लाभपासून.

सासरे पुंजाजी हे सगळं चार वर्षं बघत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जे खाता येत नाही आणि विकता येत नाही त्याचा राग यायचा. त्यात उन्हाळी कांदा निघायची वेळ आली आणि त्यांना पडवी हवी झाली.

“निवरत्ती,” एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, “तुह्या त्या यंत्राले गावात एकानं तरी घरात ठेवलं काय? नाही ना? आता आईक. अक्षय्य तृतीयेपर्यंत कोनाच्या घरी बसलं तं बसलं. नाही बसलं तं त्या पडवीत कांदे भरतो. तो रहाट जाईल भंगारात आन तुम्ही दोघं याल वावरात.”

निवृत्ती भाकरी तोडत राहिला. चुलीपुढे झुंबरबाईच्या तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली. वावराचा तिला कंटाळा नव्हता. पण चार वर्षांत तिला एक गोष्ट कळून चुकली होती की हे काम तिच्याइतकं चांगलं करणारं माणूस तिनं अजून पाहिलेलं नाही. असं काही आपल्याजवळ आहे हे एकदा कळलं, की ते कांद्याखाली गाडून टाकणं फार जड जातं.

आणि नेमकं तेव्हाच भगवंतरावांनी घरात थेटर करायचं काढलं. भगवंतराव म्हणजे चिखलीतले मोठे जमीनदार. नवीन बांधलेल्या माडीवर त्यांनी पांढरा पडदा लावला, लहान प्रोजेक्टर आणला, तबकड्या वाजवायचं यंत्र आणलं, कपाटाएवढा स्पीकर आणला. राहिला होता अँप्लिफायर. त्यासाठी अकोल्याचे एजंट रंगराव एक विलायती यंत्र घेऊन येणार होते. निवृत्ती जाऊन भगवंतरावांना म्हणाला, “माह्यंही आईका. मंग ठरवा.” भगवंतरावांना तमाशा आवडायचा, म्हणजे कुठलीही चुरस आवडायची. ते लगेच हो म्हणाले. दिवस ठरला तो अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधीचा.

निवृत्तीनं ठरवलं की या यंत्रासाठी ट्रान्सफॉर्मर नवा घालायचा, चोवीसशे वेढ्यांचा, दोन्ही बाजूंना बाराशे बाराशे. झुंबरबाई बसली. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या दिवशी चुलीवरचं दूध उतू जातंय असा वास आला म्हणून ती उठली, आणि परत येऊन बघते तर उजव्या वाटीत सासूची तांबडी कोंबडी चोच घालून उभी.

डाव्या वाटीत नऊ दाणे होते. उजवीत सात. कोंबडीनं एक खाल्ला की दोन, हे फक्त कोंबडीला माहीत होतं. ती सासूबाई गोजरबाईंची लाडकी, अंड्यावरची. तिला कापून बघायची काही सोय नव्हती.

थरांवरून अंदाज बांधता आला असता. दुसऱ्या कुणी तो बांधला असता आणि कुणाला कधी कळलंही नसतं. झुंबरबाईनं वाटीतले सातही दाणे पुन्हा मोजले. तिला संग्रामपूरच्या बाजारातली ती परत ओतलेली रास दिसली, आणि बापाचा स्वतःवरच वैतागलेला चेहरा दिसला. मग तिनं रहाट उलटा फिरवायला घेतला. तार रिकाम्या रिळावर चढत गेली, थरामागून थर, कागदामागून कागद, अगदी तळाच्या लोखंडापर्यंत. ती रडत होती आणि उलगडत होती. घरात कुणाला तिनं सांगितलं नाही. सगळे वावरात असताना तिनं चार दिवसांत पुन्हा लाभपासून चोवीसशे पुरे केले, आणि या वेळी दोन्ही वाट्या पदराखाली धरल्या.

ठरलेल्या दिवशी दुपार कलल्यावर भगवंतरावांच्या माडीवर मंडळी जमली. रंगरावांनी पेटीतून यंत्र काढलं तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. चकचकीत तोंड, निळा दिवा, एवढी बटणं. त्याच्या शेजारी निवृत्तीचं यंत्र म्हणजे रंग दिलेला पत्र्याचा डबा. सोबत आणखी एक लाकडी डबा होता. त्याला तो ‘पायऱ्यांचा डबा’ म्हणायचा. तोही झुंबरबाईनंच वेढलेला. चिखलीत दिवेलागणीला लोकांचे दिवे आणि मळ्यांतल्या मोटारी एकदम लागायच्या आणि विजेचा दाब पार खाली यायचा. डब्यावरची कळ एकेक पायरी फिरवली की त्याला जोडलेलं यंत्र पुन्हा पोटभर विजेवर चालायचं.

भगवंतराव चुरस लावणारे असले तरी न्यायाला पक्के होते. यंत्रांच्या रूपाला कुणी भुलू नये म्हणून त्यांनी दोन्ही पडद्यामागे ठेवली आणि स्पीकर एकच ठेवला. तबकडी नको म्हणाले. “तबकडीतला मानूस आपुन कोनी पाह्यला? माह्या मायचा आवाज लावा. तो आमाले सगळ्याईले पाठ हाये.”

म्हणून माइक खाली माजघरात गेला. त्यांच्या आई कौशल्याबाई जात्यावर बसल्या, समोर खुंटा धरायला झुंबरबाई. जात्याची घरघर म्हणजे खर्जातला आवाज, बांगड्यांची किणकिण म्हणजे अगदी वरचा, आणि मध्ये म्हातारीची ओवी. आवाजाची याहून कडक परीक्षा मुंबईच्या कारखान्यातही कुणी घेत नसेल.

“हे काय लोंबते बाप्पा माह्या डोक्यावर?” कौशल्याबाईंनी माइककडे बघून विचारलं.

“काही नाही मायजी. तुमी रोजच्यावानी दळा,” झुंबरबाई म्हणाली.

ऐकायला वर पाच जण बसले. स्वतः भगवंतराव, शाळेचे मास्तर, भजनातला मृदंगवाला, शेजारचे वैद्य आणि भिमाबाई. भिमाबाईनं त्या घरात चाळीस वर्षं कामात काढली होती. कौल घ्यायला उकंडराव होते, बैलबाजारातले दलाल. बैलाचा सौदा जसा उपरण्याखाली बोटं धरून होतो, तोंडातून एक अक्षर बाहेर न पडता, तसाच हा कौल होणार होता. पहिलं यंत्र आवडलं तर एक बोट, दुसरं आवडलं तर दोन. कुणी काय दिलं हे उकंडरावांच्या पोटात राहणार. भगवंतरावांसमोर त्यांच्याच माडीवर खरं बोलायचं तर याहून चांगली सोय नव्हती.

चिठ्ठी टाकून विलायती यंत्राला पहिला नंबर मिळाला. पण या सगळ्या तयारीत सूर्य बुडाला होता. माजघरातला दिवा बघता बघता पिवळा पडला, मग लाल झाला. झुंबरबाईनं मान वर केली. मळ्यांतल्या मोटारी लागल्या होत्या. वरून छतातून जो आवाज आला तो कौशल्याबाईंचा नव्हताच. घशात काहीतरी अडकल्यासारखा, फाटका. माडीवर हशा पिकला. पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज आला. ते जिन्याच्या तोंडाशी दाराला टेकून उभे होते आणि त्यांना पहिल्यांदाच मजा वाटायला लागली होती.

“काय रंगराव,” पुंजाजी म्हणत होते, “विलायतेत आवाज असाच राह्यते काय?”

झुंबरबाईचे हात जात्यावर थांबले. काही करायची गरजच नव्हती. नुसतं बसून राहिलं की झालं. आता निवृत्तीचं यंत्र पायऱ्यांच्या डब्यावर लागेल, खणखणीत वाजेल, पडवी राहील, रहाट राहील. तिला ते सगळं हवं होतं, फार हवं होतं. पण गाव उद्या काय म्हणेल तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं. दिवा मंद झाला म्हणून जिंकले. मग त्या चोवीसशे वेढ्यांचं काय झालं, ते बरे होते की वाईट, हे जन्मात कधी कळणार नाही. म्हणजे दाणा खाल्ला की नाही याची शंका पोटात घेऊन पुढचं माप टाकायचं.

ती उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जिना चढली. पुरुषांच्या बैठकीत सून अशी आली म्हणून पुंजाजी दचकून बाजूला झाले. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. तिथूनच म्हणाली, “त्या यंत्रात खोट नाही. त्याले वीज पुरून नाही राह्यली. आमचा डबा त्यालेही लावा, आन मंग आईका.”



“सूनबाई,” पुंजाजी दबक्या आवाजात म्हणाले, “डोकं फिरलं काय तुहं?”

“मामाजी, उपाशी बैलासंगं आपल्या बैलाची शर्यत लावून काय उपेग?”

उकंडरावांनी मान डोलावली. बैलाची भाषा त्यांना लगेच कळली. निवृत्तीनं बायकोकडे बघितलं. तो वाद घालत बसला नाही. उठला, लाकडी डबा उचलला आणि विलायती यंत्राला जोडला. रंगरावांना संशय आला. “याच्यात काही गडबड तं नाही ना बे?” त्यांनी विचारलं. भगवंतरावांनी त्या डब्यावर आधी एक दिवा लावायला सांगितला. कळ दोन पायऱ्या फिरली आणि दिवा पांढरा लख्ख झाला. मग रंगरावांनीच यंत्र चालू केलं.

झुंबरबाई खाली येऊन पुन्हा जात्यापुढे बसली. कौशल्याबाईंनी ओवी धरली. आणि वरून आवाज आला. विलायती यंत्र पोटभर विजेवर खरोखर सुंदर वाजत होतं. मोठं, भरदार, कुठे ओढाताण नाही. आपण हे काय करून बसलो, असं झुंबरबाईच्या मनात आलं. कान वर लावून ती ऐकत राहिली, हातात धरलेली ज्वारी तशीच राहिली, आणि जात्यात घास टाकायचं तिला भानच राहिलं नाही. पहिला नंबर संपला.

मग यंत्रं बदलली. डबा तोच, स्पीकर तोच. कौशल्याबाईंनी तीच ओवी पुन्हा सुरुवातीपासून धरली. झुंबरबाईला खालून काहीच नीट समजेना. वरचा आवाज तिला म्हातारीच्या समोरच्या आवाजात मिसळल्यासारखा वाटत होता, कुठला खरा आणि कुठला यंत्राचा ते वेगळं काढता येईना. विलायतीएवढा मोठा तर तो नव्हताच. तिला वाटलं, संपलं. कांदे भरा पडवीत. ती मान वर करून छताकडे बघत राहिली आणि घास टाकायचं पुन्हा विसरली.

तेवढ्यात माडीवरून भिमाबाई ओरडली. “अवं झुंबर, घास टाक! जातं रिकामं फिरून राह्यलं! दगड झिजतीन ना बाप्पा!”

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मृदंगवाला मांडीवर थाप मारून हसायला लागला, मास्तर हसायला लागले, आणि भिमाबाई मात्र गोंधळून सगळ्यांकडे बघत होती. चाळीस वर्षांची सवय. जात्याच्या आवाजातला तो कोरडेपणा कानावर पडला आणि तोंडातून आपोआप निघून गेलं. आपण माडीवर स्पीकरपुढे बसलो आहोत हेच ती विसरली होती.

झुंबरबाई खाली जात्यापुढे बसून होती. मुठीतली ज्वारी तिच्या बोटांतून गळत होती. जातं मघाशीही रिकामं फिरलं होतं. तेव्हा वर भिमाबाईच बसली होती, हेच कान होते, आणि त्या भरदार आवाजात तिला ते कळलं नव्हतं. आत्ता कळलं. दगडाला दगड घासल्याचा तो बारीक कोरडा आवाज चोवीसशे वेढ्यांतून कुठेही न सांडता माडीवर पोचला होता. झुंबरबाईला एकदम इतका आनंद झाला की तिनं जात्यात एकदम तीन घास टाकले.

“हळू वं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “पीठ जाडं येते.”

उकंडरावांनी उपरणं पसरलं. एकेकाचा हात खाली गेला. भिमाबाईची पाळी आली तेव्हा ते थोडे अडखळले, तर तीच म्हणाली, “धर ना बाप्पा, म्हातारीचा हात धराले लाजतं काऊन?” पाची हात झाले. उकंडरावांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, सवयीनं थोडा वेळ घेतला, आणि सांगितलं, “पाचातले चार दुसऱ्याले.”

पाचवा कोण, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारणारे विचारून दमले.

मग रंगराव उठले. विलायती यंत्र परत न्यायचं म्हणून त्यांचा चेहरा पडला असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ते उकंडरावांपुढे बसले आणि म्हणाले, “पुन्हा टाका उपरनं. माहाही हात धरा.” उकंडरावांनी धरला. आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उपरण्याखालची गोष्ट त्याच जागी उघड केली, रंगरावांनी डोळ्यांनी परवानगी दिल्यावर. “आता साहातले पाच,” ते म्हणाले.

“वेढे कोनाचे हायेत?” रंगरावांनी निवृत्तीला विचारलं.

निवृत्तीनं जिन्याकडे हात केला. “तिचे. मले सातशेच्या पुढं जमतच नाही.”

रंगरावांनी तिथेच पायऱ्यांचे बारा डबे करून द्यायला सांगितले. अकोल्याकडच्या खेड्यांतही दिवे लालच व्हायचे, आणि त्यांची यंत्रं तिकडून रोज परत यायची. पुंजाजी एका बाजूला उभे राहून डोक्यावरची टोपी काढत होते, पुन्हा घालत होते. त्यांनी घातलेल्या अटीप्रमाणे यंत्र एका घरात बसलं होतं, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. घरी जाताना वाटेत ते सुनेला एवढंच म्हणाले, “कांदे मांडवाखाली टाकू. हवा लागली पाह्यजे कांद्याले.”

त्या रात्री जेवताना झुंबरबाईनं कोंबडीची गोष्ट सांगून टाकली. आता लपवायचं काही कारण नव्हतं. सगळं ऐकून गोजरबाईंचा हात ताटातच थांबला. “माह्या कोंबडीनं?” त्या म्हणाल्या. “आन तू सगळे वेढे उलगडले?”

“हाव.”

गोजरबाई ताट सरकवून उठल्या आणि खुराड्याची कडी लागली आहे का ते बघून आल्या. 

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई पहिल्या डब्याचे वेढे घालायला पडवीत बसली. तार चिमटीत धरली, दांड्यावर हात ठेवला. बाजूला कुणीतरी धप्पकन बसलं. बघते तर गोजरबाई. एका हातात कोंबड्या हाकलायची काठी, दुसऱ्या हातात ज्वारीची वाटी, वर उलटी परडी झाकलेली.

“बस निवांत,” सासू म्हणाली. “तू फिरव. शंभर झाले का सांग, दाना मी टाकतो.”

“लाभ,” झुंबरबाई म्हणाली, आणि रहाट फिरायला लागला.